हॉकीलाही एक पेठ द्या

कोल्हापुरातल्या तालमींच्या आणि मंडळांच्या तमाम फुटबॉल पाठीराख्यांना,

सप्रेम नमस्कार.

पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी, फुलेवाडी... सगळी नावं घेत बसलो तर पत्राला जागा उरायची नाही. ज्यांचं नाव राहिलं त्यांनी आपलं नाव पहिलं आहे असं समजून वाचावं. मी तुमच्यातलाच आहे. मंगळवार पेठेत जन्मलो, वडिलांच्या खांद्यावर बसून शाहू स्टेडियममध्ये पहिला सामना पाहिला. तेव्हापासून आजपर्यंत हंगाम सुरू झाला की माझ्या दुपारी तिथल्या पायऱ्यांवर जातात. मी कुठल्या तालमीचा, हे मुद्दाम लिहीत नाही, कारण हे पत्र वरिष्ठ गटातल्या सोळाही संघांच्या माणसांसाठी आहे.

पत्राला कारण झाली ती मिरजकर तिकटीजवळच्या चहाच्या गाड्यावरची एक संध्याकाळ. सामना सुटला होता, टायब्रेकरवर निकाल लागला होता, आणि हरलेल्या-जिंकलेल्यांचं नेहमीचं सुरू होतं. त्यातून विषय निघाला, कोल्हापूरला स्वतःची प्रोफेशनल टीम का नाही. विशीतला एक पोरगा तावातावानं म्हणाला, "गोव्याची टीम हाय, केरळची हाय, मग आमची का न्हाई? येवढी माणसं दुसऱ्या कुठल्या गावात लोकल मॅचला येत्यात का सांगा." दुसऱ्यानं उपाय सुचवला, "कुणीतरी तालेवार माणूस गाठायचा आन् टीम विकत घ्यायची." मी म्हटलं, टीमचंच बोलायचं तर हॉकीचीही लीग आता परत सुरू झाली आहे, तिच्यातही महाराष्ट्राचा संघ नाही, त्याचंही बोला. त्यावर तो पोरगा अगदी सरळपणे म्हणाला, "हॉकी कोण बघतंय ओ काका?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. पण माझी मुलगी हॉकी खेळते, आणि ते वाक्य घेऊनच मी घरी गेलो. त्याला तिथं द्यायचं उत्तर तेव्हा सुचलं नाही. ते इथं लिहितो आहे.

आधी विकत घेतलेल्या टीमचं बघू. आपल्याच राज्यातला हिशेब मांडा. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता संघ. २०१० मध्ये कंपनीनं तो बंद केला. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, दुसरा आला, आणि त्यानंतर तीन-चार वर्षांत त्याचा मुख्य संघ उरला नाही. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीगमध्ये होता, २०१७ मध्ये बाहेर पडला. एफसी पुणे सिटी तर इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) पहिल्या दिवसापासून, म्हणजे २०१४ पासून होता. बालेवाडीला त्याचे सामने बघायला आपल्यातलेही लोक गाड्या करून गेले असतील. २०१९ मध्ये तोही मिटला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघानं घेतली. एका पुण्यातच चार संघ आले आणि गेले. ज्या पोरांनी त्यांचे जर्सी-मफलर घेतले, त्यांना कुणी विचारलंही नाही.

हॉकीची गत तर याहून वाईट. प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्स होता, आपल्या खडकीचे धनराज पिल्ले त्यातून खेळले. ती लीगच चार वर्षांत आटोपली. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्सनं थेट अंतिम सामना गाठला, आणि ती स्पर्धा पुन्हा झालीच नाही. हॉकी इंडिया लीग २०१३ मध्ये सुरू झाली तेव्हा मुंबई मॅजिशियन्स होता, दोनच हंगामांनी, २०१५ मध्ये, त्याच्या जागी दबंग मुंबई आला. २०१७ मध्ये दबंग मुंबई अंतिम फेरीत पोचला आणि त्यानंतर लीगच सात वर्षं बंद पडली. २०२४ च्या डिसेंबरात ती राउरकेल्यात परत सुरू झाली, पुरुषांचे आठ संघ आणि पहिल्यांदाच महिलांचे चार. या बारांत महाराष्ट्राचा एकही नाही.

आणि ज्या आयएसएलमध्ये आपल्याला जायचं आहे, तिचं तरी काय? फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्या कराराचा घोळ सुटेना, म्हणून जुलै २०२५ मध्ये पुढचा हंगामच थांबवून ठेवल्याचं संघांना कळवण्यात आलं. कोट्यवधींचे खेळाडू घरी बसून राहिले.

आता आपल्याकडे बघा. आपले संघ कुणा शेठजीचे नाहीत. तालमीच्या सभासदांच्या वर्गणीवर, पेठेतल्या दुकानदारांच्या मदतीवर, एखाद्या नेत्याच्या देणगीवर ते चालतात. एक वर्ष पैसा कमी पडला तर बाहेरचा खेळाडू येत नाही, पेठेतली पोरं उतरतात, पण संघ उतरतोच. संस्थानी काळापासून हे सुरू आहे. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधून कुस्तीला घर दिलं, त्यांच्या पुढच्या पिढीनं फुटबॉलला आश्रय दिला, आणि संस्थान विलीन झाल्यावरही खेळ थांबला नाही, कारण तोवर तो तालमीत शिरला होता. जिथं लाल माती होती, जिथं जोर-बैठका काढून पोरं तयार होत होती, त्याच कट्ट्यावर फुटबॉलचे बूट सुकायला लागले. माझ्या वडिलांच्या पिढीत सकाळी आखाड्यात आणि संध्याकाळी मैदानात असे कितीतरी जण होते. खेळाडू म्हातारा होतो, पदाधिकारी बदलतो, पण गल्ली तिथंच असते. गल्ली विकता येत नाही आणि दुसऱ्या गावाला हलवताही येत नाही. म्हणून आपले संघ टिकले.

तेव्हा टीम विकत घेण्याच्या गोष्टी सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. आपली पोरं मोठ्या संघांत जाऊ देत, आनंदच आहे. आपला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा तालीम कुठली, पेठ कुठली हे कुणी विचारलं नाही, सगळं शहर टीव्हीपुढं होतं. पण "कोल्हापूर" हे नाव लिलावातल्या एखाद्या संघाला लावून, तीन वर्षांनी तो दुसऱ्या गावाला गेलेला मला बघायचा नाही.

आता हॉकी.

हॉकी कोण बघतंय, या प्रश्नाचं खरं उत्तर असं की हॉकीला आपल्या शहरात पेठच नाही. मेजर ध्यानचंदांच्या नावाचं स्टेडियम आहे, शाळांचे संघ आहेत, स्वतःच्या खिशातून पदरमोड करून पोरं घडवणारे प्रशिक्षक आहेत, राज्य पातळीवर खेळून आलेली मुलं-मुली आहेत. पण हरल्यावर ज्याच्या घरी चूल पेटत नाही असा पाठीराखा नाही. हॉकीचा संघ जिंकून आला तर त्याच्यापुढं हलगी वाजवायला कुठली गल्ली बाहेर यायची?

असं का झालं, याचाही विचार मी पुष्कळ केला आहे. फुटबॉलला एक चेंडू लागतो. गांधी मैदानावर अनवाणी पोरं चपलांचे गोलपोस्ट करून खेळतात, त्यातलाच एखादा पुढं शाहू स्टेडियमवर उतरतो. हॉकीला प्रत्येकाच्या हातात स्टिक लागते, आणि ती स्वस्त नाही. माझ्या मुलीची तीन हजारांची आहे आणि तीसुद्धा साधीच म्हणायची. गोलरक्षकाचं हेल्मेट, पॅड, किकर, छातीचं कवच असं सगळं घ्यायचं तर चाळीस हजारांच्या घरात जातं. त्यात १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी गवतावरून उठून कृत्रिम टर्फवर गेली. टर्फ म्हणजे कोटींचा खर्च, वर त्याला पाणी. मातीत खेळणारं पोरगं आणि खरी हॉकी यांच्यात तेव्हा जे अंतर पडलं, ते आपल्यासारख्या गावांना भरून काढता आलं नाही. भारताची ऑलिम्पिक पदकंही १९८० च्या मॉस्कोनंतर थांबली ती थेट टोकियोपर्यंत, एक्केचाळीस वर्षं. नवी पिढी हॉकीवर जीव कशाच्या आधारावर लावणार होती?

पण मग सुंदरगड बघा. ओडिशातला आदिवासींचा जिल्हा. तिथल्या गावांत हॉकीच्या ज्या स्पर्धा होतात त्यांना खस्सी स्पर्धा म्हणतात, कारण जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. गावं गावांविरुद्ध खेळतात, बांबूच्या काठ्या वाकवून पोरं सुरुवात करतात, आणि सामना संपला की त्या बोकडाचं जेवण. भारताचे माजी कर्णधार दिलीप तिर्की त्या जिल्ह्यातल्या सौनामारा गावचे. टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे ब्राँझ जिंकणाऱ्या संघातला बचावपटू अमित रोहिदास त्याच गावचा. एका खेड्यातून एवढे! २०१८ पासून ओडिशा सरकारनं भारतीय हॉकी संघांचं प्रायोजकत्व घेतलं, २०२३ च्या विश्वचषकासाठी राउरकेल्यात वीस हजारांहून जास्त माणसं बसतील असं बिरसा मुंडा स्टेडियम उभं राहिलं आणि ते भरलं. ते भरलं कारण सरकार यायच्या आधी तिथं गावं होती. पैसा नंतर आला, ईर्षा आधीपासून होती.

बोकडासाठी खेळणारी गावं! मटणाची आणि ईर्षेची गोष्ट कोल्हापूरला कुणी समजावून सांगायला नको.

माझ्या मुलीचं सांगतो. २०२१ च्या जुलैत पंचगंगेला महापूर आला होता. पाणी ओसरल्यावर शाहूपुरीतल्या मावशीच्या घरातला चिखल आम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही काढत होतो. ६ ऑगस्टला सकाळी सातला मावशीच्या शेजाऱ्यांच्या माडीवर टीव्ही लावला होता. टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताच्या मुली हॉकीच्या ब्राँझपदकासाठी ग्रेट ब्रिटनशी खेळत होत्या. दोन गोलनं मागं पडल्या, मग मध्यंतराच्या आत तीन मारून पुढं गेल्या. खालची माणसं फावडी टाकून वर आली. शेवटी ४-३ असे हरलो आपण. त्या मुली मैदानावर बसून रडत होत्या, आणि माझी आठ वर्षांची पोरगी, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, टीव्हीपुढून हलेना. घरी येताना म्हणाली, "बाबा, मला हे खेळायचंय." जिंकलेला सामना बघून खेळावंसं वाटणारी पोरं पुष्कळ असतात. हिला हरलेला बघून वाटलं.

आज ती बारा-तेरा वर्षांची आहे, मधल्या फळीत खेळते. पहाटे उठते, स्टिक पाठीला अडकवते, सायकल मारते. तिच्या संघाच्या सामन्याला प्रेक्षक किती असतात सांगू? आई-वडील, दोन-चार भाऊ, एखादे आजोबा. मागच्या हंगामात तिनं एक गोल केला, पेनल्टी कॉर्नरवर परत आलेला चेंडू उलट्या स्टिकनं मारून. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गोल. टाळ्या वाजवणारे आम्ही अकरा जण होतो. त्याच दुपारी शाहू स्टेडियमची गॅलरी खचाखच भरलेली होती आणि मीसुद्धा मुलीला घरी सोडून तिकडेच गेलो. पायऱ्यांवर बसल्यावर पहिल्यांदा मला तिथला आवाज सहन होईना. यातले फक्त पन्नास जण सकाळी आले असते तर, हेच डोक्यात.

तुम्ही म्हणाल, हॉकी कळत नाही, चेंडू दिसत नाही. फुटबॉल ज्याला कळतो त्याला हॉकी अर्ध्या तासात कळते. अकराच्या विरुद्ध अकरा, तोच गोल, तीच चढाई. पंधरा मिनिटांचे चार डाव, म्हणजे साठ मिनिटांत खेळ खलास. गोल फक्त गोलपोस्टपुढच्या अर्धवर्तुळातून, म्हणजे डी मधून मारलेला धरतात. ऑफसाइड नाही, त्यामुळं आपला आघाडीपटू खुशाल गोलरक्षकाच्या शेजारी जाऊन उभा राहू शकतो. खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, म्हणून दम कुणाचा तुटत नाही आणि वेग शेवटपर्यंत राहतो. आणि पेनल्टी कॉर्नर! रेषेवरून चेंडू सुटतो, डीच्या टोकाला अडवला जातो आणि चार बचावपटू गोलरक्षकासह अंगावर धावून येत असताना मारणारा तो भिरकावतो. दोन-तीन सेकंदांचा खेळ, पण टायब्रेकरच्या शेवटच्या किकला पोटात जे होतं तेच इथं सामन्यात पाच-सहा वेळा होतं. ८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये आपण स्पेनला २-१ नं हरवून सलग दुसरं ब्राँझ घेतलं, ते दोन्ही गोल हरमनप्रीतसिंगनं पेनल्टी कॉर्नरवरच मारले. त्या संध्याकाळी आम्ही पेढे वाटायचे ठरवले होते. पण रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं आणि सगळं गाव तिकडे डोळे पुसत उभं राहिलं. हॉकीचा तो आनंद आपल्याकडून तसाच राहून गेला आहे, असं मला अजून वाटतं.

आता जे मागायचं आहे ते मागतो. प्रत्येक तालमीनं, निदान ज्यांना शक्य आहे त्या चार-पाच तालमींनी, आपल्या नावाचा हॉकी संघ काढावा, आणि तो मुलींचा काढावा. मुलींचा अशासाठी की आपल्या पेठांनी त्यांच्यासाठी अजून फारसं काही केलेलं नाही, आणि याच जिल्ह्यातल्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांनी नेमबाजीत जगाला दाखवून दिलं आहे की इथल्या मुलींच्या अंगात काय आहे. खर्चाचं म्हणाल तर तालमीच्या हिशेबाच्या बैठकीत मीही बसलो आहे. बाहेरून आणलेल्या एका खेळाडूवर हंगामभरात जे जातं, त्याच्या काही हिश्श्यात पंधरा मुलींच्या स्टिका आणि एका गोलरक्षकाचा पूर्ण संच येतो. बाहेरच्या खेळाडूंवर माझा राग नाही. आफ्रिकेतून येऊन इथं भाड्याच्या खोलीत राहून खेळणाऱ्या त्या मुलांकडून आपल्या पोरांनी ताकद आणि चेंडू पायात धरून ठेवण्याची कला शिकली आहे. त्यांना त्यांचे ठरलेले पैसे वेळेवर मिळावेत, दुखापत झाली तर औषधपाण्याला कुणीतरी असावं. आपल्या स्वतःच्या पोरांनाही हेच लागू. प्रोफेशनल म्हणायचं असेल तर मी याला म्हणेन. लेखी करार, विमा, वेळेवर मानधन. एवढं जरी सोळा संघांनी केलं तरी देशातल्या कुठल्याही लीगपुढं आपली मान ताठ राहील.

आणि एक दुखरी गोष्ट, जी लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी मुलीला पहिल्यांदा फुटबॉल बघायला घेऊन गेलो. दोन्ही संघांची नावं घेत नाही. मध्यंतरापर्यंत ती खूश होती, झेंडे बघत होती. मग समोरासमोर शिव्या सुरू झाल्या, आई-बहिणीवरून, शेकडो गळ्यांतून एका सुरात. मग बाटल्या, मग एक दगड, मग पोलिसांची धावपळ. मी तिचे कान झाकले, पण तिनं ऐकायचं ते ऐकलंच होतं. बाहेर पडल्यावर तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही पण असं ओरडता?" मी तरुणपणी ओरडलो आहे. तिला खरं सांगितलं. त्यानंतर ती परत आली नाही आणि मी आग्रह धरला नाही. शहरातली निम्मी माणसं अशा कारणानं आपल्या स्टेडियमच्या बाहेर राहतात, हे आपल्याला परवडतं का? ईर्षा पाहिजे. ईर्षेशिवाय कोल्हापूरचा फुटबॉल उरणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण ती आपल्या संघासाठी घसा फोडण्यात असू दे, समोरच्याच्या आईचं नाव त्यात कशाला?

म्हणून माझ्या मनात असंही येतं की हॉकीची गॅलरी अजून रिकामी आहे, तिथं कुठलीच वाईट सवय लागलेली नाही. तिथं पहिल्या दिवसापासून जे रुजवू ते टिकेल. दोन तालमींच्या मुली समोरासमोर उभ्या आहेत, दोन्ही बाजूंना त्यांच्या आया, आज्या, भाऊ बसलेत, हलगी वाजते आहे, झेंडे तेच आपले जुने. मग त्या चहाच्या गाड्यावर भांडायला विषयही दुप्पट होतील. फुटबॉलला तुम्ही जिंकलात ना, मग हॉकीला बघून घेऊ. हे भांडण ऐकायला मी रोज यायला तयार आहे.

ज्या पोरानं मला तो प्रश्न विचारला, त्यानं हे वाचलं तर त्याला माझा निरोप आहे. तू मनापासून बोललास, राग नाही. रविवारी सकाळी साडेसहाला आमच्या मुलींचा सराव असतो, ध्यानचंद स्टेडियमवर. तुझ्या तालमीची दोन-चार पोरं घेऊन ये. पायऱ्यांवर जागा भरपूर आहे. चहा माझ्याकडून, आणि येताना तुमची ती हलगी तेवढी आण.

आपला,
मंगळवार पेठेतला एक पाठीराखा